शंभरदा मिसळलेल्या चिठ्ठ्या

नांदुऱ्याच्या स्टँडवर वडनेर भोलजीची एस.टी. लागली, रेटारेटी झाली आणि वच्छलाच्या हातातला वजनकाटा थेट एका तरुणाच्या पायावर आदळला.

"आई गं!"

"थांबा हो, पह्यले काटा पाहू द्या. मोडला तं माह्या बालवाडीतल्या वीस लेकरायची वजनं राहतीन!"

"आणि माझा पाय?"

"तो काई सरकारी नाई."

तो खळखळून हसला. कारण पाय सरकारीच होता! निवृत्ती त्याचं नाव. बुलढाण्याच्या आकडेवारी कचेरीतला, आणि निघालाही होता तिच्याच बालवाडीत.

चौसष्ट सालचा हिवाळा. बालवाडीत प्रत्येक लेकराला भुकटीच्या दुधाचा एक कप मिळे, शाहजादीसारख्या सहा अशक्त लेकरांना दोन. तो दुसरा कप आता बंद व्हायचा होता.

"सरासरी चांगली आहे, बाई," निवृत्ती चाचरत म्हणाला. "वजनातला फरक निव्वळ योगायोग, असं साहेबांचं मत…"

"आठ महिने झाले, शाहजादीच सगळ्यायहून हलकी. हा योगायोग?" वच्छलाने वजनांची वही त्याच्यापुढे सरकवली. "कीर्तनात बसता का कधी? एक टाळकरी खालच्या पट्टीत गाते, एक वरच्या. सगळ्यायचा मिळून एक सूर काढान, तं गाणं कोणाचं उरन?"

तो मग हळूच म्हणाला, "तपासून पाहू."

रीत साधी होती. एका महिन्याची वीस वजनं वीस चिठ्ठ्यांवर लिहायची. आठ महिन्यांच्या आठ वाट्या. वाटी हलवून, न पाहता, चिठ्ठ्या लेकरांच्या नावांपुढे मांडायच्या. मग प्रत्येकाची बेरीज; सर्वांत जड आणि सर्वांत हलकी बेरीज यांत अंतर किती? खऱ्या नोंदींइतकं अंतर अशा आंधळ्या वाटपातही पडत राहिलं, तर साहेब खरे. नाही पडलं, तर वच्छला खरी.

दर शुक्रवारी निवृत्ती येऊ लागला. विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात चिठ्ठ्या पसरत. तिच्या केसांत कापसाचा तंतू अडकलेला असे; तो पाही… आणि बेरीज चुके. शेजारी तूर पाखडणाऱ्या झुंबरबाईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काऊन हो साहेब, चिठ्ठी एक अन् हात दोन?"

वच्छलाचे कान लाल होत.

दहा शुक्रवार गेले. शंभर वेळा वाटप झालं. खऱ्या नोंदींइतकं अंतर एकदाही पडलं नाही! अहवाल गेला. पंधरा दिवसांनी निवृत्ती स्वतःच हुकूम घेऊन आला: दुसरा कप चालू राहील.

शाहजादीने तो कप दोन्ही हातांनी धरला, रिकामा केला. वच्छलाने विठोबाला मनोमन हात जोडले… आणि मग मनात आलं: काम संपलं. आता हा कशाला येईल?

"एक कबूल करायचं होतं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "वीसदा वाटप केलं असतं तरी चाललं असतं. कचेरीला तेवढं पुरतं."

"मंग शंभरदा काऊन केलं?"

"दोन शुक्रवारांतच वीसदा झालं होतं… मला पुढचे शुक्रवार हवे होते."

ती बोटाला पदराचं टोक गुंडाळत राहिली.

"देवाच्या दारात लबाडी केली तुमी," अखेर ती म्हणाली. पण ओठ दाबूनही हसू फुटलंच. "माह्ये बाबा सांजच्या कीर्तनाले येऊन राह्यले. त्यायले तुमीच इचारा. माह्याकडून…" तिने मान डोलावली. "हाव."