स्वेटरला आंब्याचा वास

"चार पिंपं, सहा बांबू आणि एक दोरी." पवनने अंगणातल्या मातीत काडीने तराफ्याचं चित्र काढलं. "उद्या दुपारी आपण धरणाच्या मधोमध."

"आणि परवा वर्तमानपत्रात," शुभदा म्हणाली. शुभदा ही पवनची मामेबहीण, तळेगावहून सुट्टीला आलेली. नववी पास झाल्यापासून तिला सगळ्या जगाला शहाणं करून सोडायचं होतं.

एरवी असा बेत ऐकला असता तर आयरा पिंपं आणायला पळत सुटली असती. तिच्या पायाला कायम भिंगरी. शाळेत तास संपायच्या आत तीनदा पाणी प्यायला उठणारी मुलगी ही. पण आज ती पायरीवर नुसती नखं कुरतडत बसली होती.

"काय झालंय गं?" पवनने विचारलं.

"अम्मीला कामावरनं काढनार हायत," आयरा म्हणाली. "सोमवारपासून."

पवनानगरच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत. तिथल्या थंड खोलीत आयराची अम्मी, म्हणजे हसिना, चार वर्षं कामाला होती. फुलं निवडायची, वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, पाण्याच्या बादल्यांत ठेवायच्या. खोली इतकी गार, की भर मे महिन्यात ती स्वेटर घालून कामाला जायची आणि सगळी आळी तिला हसायची. पण गेल्या पंधरा दिवसांत एक विचित्र गोष्ट घडत होती. इथून चांगली निघालेली फुलं गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत पाकळ्या टाकून मोकळी व्हायची.

"राजेंद्रकाकांनी शालनताईंना फोनवर सांगितलं, हसिना दार उघडं टाकते, थंडावा जातो. सपशेल खोटं. अम्मी तर घरातलं फडताळसुद्धा उघडं ठेवू देत नाही."

राजेंद्रकाका तिथले सुपरवायझर आणि शालनताई मालकीण. त्या लोणावळ्याला राहायच्या आणि दर रविवारी यायच्या. या रविवारी लग्नाच्या मोठ्या ऑर्डरची फुलं तोडायची होती, गाडी सोमवारी जायची होती. त्याआधी थंड खोलीत दुसरं माणूस नेमायचं, असं काकांनी ठरवूनच टाकलं होतं.

आज गुरुवार होता.

शुभदा उठून येरझारा घालायला लागली. दुपारी जेवायला घरी आलेल्या हसिनाने अंगणातल्या दोरीवर स्वेटर टाकला होता. त्याच्यापाशी पोचल्यावर ती थांबली आणि तिने नाक पुढे केलं.

"आयरा, तुमचा स्वेटर आंबे खातो का?"

तिघांनी आळीपाळीने स्वेटर हुंगला. गुलाबाचा नव्हे, घमघमीत आंब्याचा वास होता.

हसिना आत जेवत होती. तिला विचारलं तर ती सहज म्हणाली, "राजेंद्रभाऊंच्या पेट्या हायत ना आत, निळ्या ताडपत्रीखाली. सासरवाडीचे हापूस. त्यांचं घर पत्र्याचं, समदे येकदम पिकतील म्हनून ठेवलेत."

"कधीपासून?" शुभदाने विचारलं.

"झाले की पंधरा दिस."

"आणि पाकळ्या कधीपासून गळतायत?"

हसिनाचा भाकरी मोडणारा हात थांबला. "पंधराच दिस," ती हळूच म्हणाली. "पन आंबा काय चावतो व्हय गुलाबाला?"

आयरा उत्तर द्यायला थांबलीच नाही. तिला एकदम जानूआबा आठवले होते. जानूआबा पॉलिहाऊसचे राखणदार. त्यांच्या खोपटात बाजेखाली रायवळ आंब्यांची आढी असायची आणि त्यातले आंबे मुलांना हक्काचे. पवन आणि शुभदा धापा टाकत पोचले तेव्हा आयरा गुडघ्यांवर बसून आढीतलं गवत उचकत होती.

"आबा, कच्च्या आंब्यांत हा एक पिकलेला मुद्दाम ठिवता ना? का?"

"त्याचं वारं लागतं बाकीच्यास्नी," आबा म्हणाले. "येक पिकला की शेजारचे बी पिकत्यात. आमचा बा असंच करायचा. का गं?"

शुभदाने कपाळावर हात मारला. "इथिलीन! आबा ज्याला वारं म्हणतात तो वायू आहे. दिसत नाही. पिकलेल्या फळातून सुटतो आणि शेजारच्या फळाला सांगतो, चल, पिक. फुलाला तो लागला तर फुलही लवकर म्हातारं होतं. पाकळ्या टाकतं."

"म्हणजे समद्या गावाला आढी ठाऊक," पवन म्हणाला, "आणि त्या बंद खोलीत आढीच घातलीय, हे कुणाच्या ध्यानात न्हाई."

आयराला तेव्हाच धावत जाऊन राजेंद्रकाकांना जाब विचारायचा होता. तिला अडवलं ते अम्मीनेच. "म्या काय बी बोलले तर म्हनतील, आपली चूक झाकाया दुसऱ्याचे आंबे दावते. दाखवाया काय हाय आपल्याजवळ?"

दाखवायला काहीतरी हवं होतं. म्हणजे प्रयोग.

पवनचे बाबा धरणाकाठच्या तंबूंत येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करायचे. त्यांच्याकडून लोणच्याच्या दोन रिकाम्या, काचेसारख्या स्वच्छ बरण्या आल्या. आबांनी बाजारात न जाणारे आखूड दांड्यांचे गुलाब दिले, एकाच ओळीतले, एकाच वेळी तोडलेले. प्रत्येक बरणीत पेलाभर पाण्यात तीन गुलाब. एकीत पिकलेला आंबा.

"दुसरीत आंब्याएवढा धोंडा ठेवू," पवन म्हणाला. "न्हाईतर तिला वाईट वाटंल."

"चेष्टा करतोयस, पण बरोबर बोललास," शुभदा म्हणाली. "दोन्हीत सगळं सारखं हवं. फरक फक्त आंब्याचा."

बरण्या पवनच्या घरी, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटावर ठेवल्या. आयराच्या वहीत तारीख आणि वेळ लिहिली. आता फक्त वाट पाहायची होती.

आणि तेच तर आयराला जमत नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती पवनच्या घरी पाच वेळा गेली. पाकळी हलली का? देठ मऊ पडला का? संध्याकाळी शुभदाने बरण्या निरखून पाहिल्या. दोन्हींतले गुलाब ताजेतवाने, टवटवीत.

"म्हणजे आपलं चुकलं," पवन म्हणाला.

आयराचा चेहरा पडला. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. पण अम्मीच्या अंगावर दुसऱ्याची चूक कशी ढकलली गेली, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"मी झाकण उघडलं," ती म्हणाली. "तीनदा. हात लावून बघायला."

शुभदा संतापली. "अगं, वायू निघून गेला सगळा! दीड दिवस फुकट!"

"माहितीये." आयराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने वही ओढली आणि लिहायला घेतलं. मग आबांकडून नवे सहा गुलाब आणले. बरण्यांच्या झाकणांवर या वेळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि पट्टीवर तिघांनी सह्या केल्या.

शनिवार सरता सरेना. आयरा धरणाच्या भिंतीपर्यंत तीनदा चालून आली. पवनानगरच्या स्टॅंडवर बसून तिने सत्तेचाळीस जीपगाड्या मोजल्या. बरण्यांच्या खोलीत मात्र तिने पाऊल ठेवलं नाही. एवढा लांब दिवस तिने जन्मात पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी पवनच दारात आला. "चल," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

शालनताई पॉलिहाऊसच्या ओसरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. हसिना एका बाजूला उभी होती, मे महिन्यातला तो स्वेटर हातात घडी घालून. राजेंद्रकाका नव्या माणसाचं नाव सांगत होते, तेवढ्यात तिघं पोचली. बरण्या पिशवीत झाकलेल्या होत्या.

"काका," आयरा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "आम्हाला सुट्टीतल्या प्रयोगाला एक आंबा हवा होता. तुमच्यासारखे हापूस गावात कुणाकडे न्हाईत म्हणे."

काकांची छाती फुगली. "अगं, एक कशाला, दोन घे. देवगडचा माल आहे, ताई, तुम्ही पण चाखून बघा. आबा, आतल्या ताडपत्रीखालून चार आंबे आणा. गारेगार असतील."

"गार?" शालनताईंनी विचारलं. "आतल्या म्हणजे कुठल्या?"

काकांनी आबांना थांबवायला हात वर केला. आबा मात्र लगबगीने थंड खोलीत शिरले होते आणि चार पिवळेधमक आंबे घेऊन बाहेरही आले.

मग आयराने बरण्या टेबलावर ठेवल्या. धोंड्याच्या बरणीतले गुलाब तसेच होते. आंब्याच्या बरणीत तीन उघडे देठ उभे आणि तळाशी लाल पाकळ्यांचा खच. शुभदाने सगळं समजावून सांगितलं. पट्टीवरच्या सह्या पवनने दाखवल्या.

"हा पोरखेळ आहे ताई," काका पुटपुटले. "दोन बरण्यांनी काय ठरतं? आणि पोरांनी काय गडबड केली नसेल कशावरून?"

शालनताईंनी वही मागितली. त्या वाचत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. मग त्यांनी ती वही काकांपुढे धरली. "ही ओळ मोठ्याने वाचा."

काकांनी अडखळत वाचलं, "शुक्रवारी सकाळी मी झाकण तीनदा उघडलं. त्यामुळे पहिला प्रयोग बिघडला. चूक माझी. आयरा."

शालनताईंनी वही परत घेतली.

"तेरा वर्षांच्या पोरीला हे लिहिता येतं," शालनताई म्हणाल्या. "म्हणून या वहीवर माझा विश्वास आहे. दार उघडं राहिल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं होतंत का, राजेंद्र?"

काकांनी मान खाली घातली. "नाही, ताई. पाकळ्या गळायला लागल्या, मग कुणाचं तरी नाव सांगायला हवं होतं." ते हसिनाकडे वळले. "हसिना, चुकलं माझं."

पेट्या तासाभरात बाहेर निघाल्या. दारं उघडून खोलीत मोकळी हवा खेळवली, मगच लग्नाची फुलं आत गेली. मंगळवारी लग्नघरातून फोन आला, एकही पाकळी गळली नव्हती. राजेंद्रकाकांचे उरलेले कच्चे आंबे मात्र पत्र्याखाली एका दमात पिकले आणि त्यांना ते सगळ्या आळीत वाटावे लागले. आयराने चार खाल्ले.

"हसिना, थंड खोलीत काय ठेवायचं आणि काय नाही, ते यापुढे तू ठरवायचं," शालनताईंनी सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी अम्मी घरी आली, तशी आयरा धावत गेली आणि तिच्या स्वेटरमध्ये तिने नाक खुपसलं.

"काय गं?"

"कसलाच वास न्हाई," आयरा म्हणाली, आणि पुष्कळ वेळ तशीच, अगदी न हलता, उभी राहिली.