कीर्तनात धरलेली जागा

"सर, आपल्या समाधानातच आमचं समाधान आहे," फोनवरची मुलगी म्हणाली, आणि खंडेरावचं डोकंच सटकलं.

"समाधान गेलं खड्ड्यात! एचडीचे पैसे मोजून घेतले ना तुम्ही? मग माणसाचं नाक का दिसत नाही?"

त्याने फोन सोफ्यावर आपटला. गंगापूर रोडवरच्या त्याच्या फ्लॅटला आता दुसऱ्या कंपनीची डिशची छत्री लागली होती. पहिल्या कंपनीचा बॉक्स साधा होता, म्हणून तो काढला. दुसरीने एचडी बॉक्स दिला, पण कीर्तनाचं चॅनेल तेवढं त्यांच्याकडे एचडीत नव्हतं. क्रिकेट लखलखीत, सिनेमे लखलखीत, कीर्तन मात्र गढूळ पाण्यातून पाहिल्यासारखं. आणि हे सांगतात कधी? पैसे भरल्यावर! मेल्यांना लाज म्हणून नाही.

खंडेरावचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. नळी कुठे गळते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो मानायचा नाही. टीव्हीचा त्याला शौक नव्हता. ही सगळी उठाठेव चालली होती ती आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, बहिरू. आई, कुसाबाई, गेली तेव्हा खंडेरावने त्यांना देवळ्याजवळच्या गावातून इथे आणलं होतं. रोज संध्याकाळी ते पलंगावर बसून थेट प्रक्षेपणातलं कीर्तन बघत. दिवाळीच्या आधी एकदा ते अगदी सहज म्हणाले, "खंडू, तुझी माय बसलीय बघ."

खंडेरावने पाहिलं. मंडपाच्या मधोमध एक खांब होता. खांबापाशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. चेहरा म्हणजे नुसता पिवळसर डाग. तिच्या शेजारी जागा मोकळी होती आणि त्या जागेवर घडी केलेली तांबडी शाल.

"बाई हाय कुठलीतरी," तो हसून म्हणाला. आप्पांशी बोलताना त्याच्या तोंडात मधूनच गावची भाषा यायची.

"तीच हाय. जागा धरलीय माझी."

गावातली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सप्ताहात बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, मध्ये दोरी बांधलेली. आप्पांना पिकाला पाणी देऊन यायला उशीर व्हायचा. कुसाबाई आधी जाऊन दोरीला खेटून बसायची आणि दोरीपलीकडे, गड्यांच्या बाजूला, शालीची घडी टाकून ठेवायची. तिथे दुसरं कोणी बसलं की तिची जीभ सुटलीच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी कीर्तन दुसऱ्या गावात होतं. महाराज वेगळे, मंडप वेगळा. खांबापाशी हिरवं लुगडं मात्र होतंच. मागे माणसं उभी होती, पोरं मांडीवर घेऊन बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि त्या शालीवर कुणी टेकत नव्हतं. खंडेरावने तेच कीर्तन मोबाइलवर लावलं. मोबाइलवर त्या खांबापाशी दोन अनोळखी बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. तिथे बोटभरसुद्धा जागा नव्हती. त्याने मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. शाल होती.

त्याने मोबाइल बंद केला. मग त्याला मोबाइलचाही राग आला.

आप्पांनी जेवण टाकलं. सून मनीषा ताट घेऊन गेली की हात जोडायचे. "आज-उद्या निघायचंय पोरी. पोट जड कशाला करू?" कपाटातून धुतलेलं धोतर काढून त्यांनी उशाशी ठेवलं. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खाल्लं नाही तर मात्र माणूस हातचा जाईल.

खंडेराव तडकला. "आम्ही तुमचं करतो त्याचं काहीच नाही का आप्पा? टीव्हीतल्या एका डागासाठी मरायला निघालात?"

"डाग तुझा टीव्ही दाखवतो. मला माझी बायको दिसते."

"ठीक आहे. त्या बाईचं तोंडच दाखवतो तुम्हाला! आईच्या भुवईवर गाईच्या शिंगाचा व्रण होता. तो नसला तर गुमान जेवायचं."

म्हणून आधी दुसरी कंपनी झाली, आणि आता तिसरी. ह्यांच्याकडे कीर्तनाचं चॅनेल एचडीत होतं. पैसे भरायच्या आधी खंडेरावने दुकानात उभं राहून, त्यांच्या टीव्हीवर लावायला लावून खात्री करून घेतली. छत्री बसवायला झुंबर नावाचा माणूस यायचा होता. दुपारी येतो म्हणाला आणि उगवला दिवे लागायच्या सुमाराला. तोवर खंडेरावने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

मनीषा पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, हर्षालीचा क्लास सुटेल. रिक्षा मिळत नाही पोरीला तिथे. तुम्ही जाता का आणायला?"

"मला इथून हलता येतंय का? दिसत नाही तुला? स्कूटी काय शोभेला ठेवलीय?"

"साधं विचारलं तरी अंगावर येता. बसा तुमची छत्री धरून!" तिने किल्ली उचलली आणि दार धाडकन लावून गेली.

झुंबरने तारा जोडल्या, सही घेतली आणि तोही गेला. कीर्तन सुरू झालं होतं.

चित्र आलं. खंडेराव नकळत दोन पावलं मागे सरला. इतकं स्वच्छ त्याने दुकानातही काही पाहिलं नव्हतं. टाळकऱ्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, खांबावरच्या कागदी फुलांच्या सुरकुत्या दिसत होत्या. कॅमेरा गर्दीवरून सरकत आला आणि खांबापाशी थांबला.

हिरवं लुगडं. बसकं नाक. डाव्या भुवईवर व्रण.

"आई," तो म्हणाला, आणि पुढच्या क्षणी ओरडलाच, "काय मांडलंयस हे? आप्पांना असं ओढून नेणार का तू? नाही नेऊ देणार मी!"

ती कीर्तन ऐकत होती.

आप्पा पलंगाच्या कडेला आले होते. बघता बघता त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी पलंगावर मूठ आपटली.

"दोरी बघ," ते म्हणाले.

आजवर न दिसलेली दोरी आता स्वच्छ दिसत होती. खांबाला बांधलेली, सुतळीची. शाल दोरीच्या अलीकडे होती, आईच्या बाजूला, बायांमध्ये.

"बायांत मला कशाला बसवील ती? मला इसरली." त्यांचा आवाज रागाने कापत होता. मग ते मागे टेकले. "आण भाकर. भूक लागली."

खंडेरावला हसू फुटलं. जिंकलो! धावतच तो स्वयंपाकघरात गेला, दोन भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून आणली. आप्पा मोठमोठे घास घेऊ लागले. तो कौतुकाने बघत राहिला.

मग त्याचं हसू गेलं.

शाल बायांच्या बाजूला होती. घरात बाया दोनच.

त्याने मनीषाला फोन लावला. "कुठंयस?"

"ओरडताय कशाला? क्लासपाशी आहे. हर्षाली बसतेय मागे. निघतोच आता."

"निघू नकोस! तिथेच थांबा दोघी. मी येतो."

"मघाशी हलता येत नव्हतं ना? आता काही गरज नाही."

फोन कट झाला.

त्याने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. हर्षालीला लावला. तिथेही नुसती रिंग.

गाडीची किल्ली शोधायला तो वळला.

"खंडू," आप्पा भाकरी मोडत म्हणाले, "काय करती रं ती?"

पडद्यावर आईने शेजारच्या बाईला कोपराने जरा सरकायला सांगितलं. बाई सरकली. आईने शालीची एक घडी उलगडली, दोघी बसतील एवढी ती पसरली, आणि तळहाताने तिच्या सुरकुत्या नीट केल्या.