सावरटेकची टवाळी

भिंतीवरचा नकाशा हिरवागार झाला होता आणि डॉ. निरंजना देवतळे भलत्याच खुशीत होती. सावरटेक गावातलं प्रत्येक घर त्या नकाशावर ठिपका होऊन बसलं होतं. हिरवा ठिपका म्हणजे त्या घरातली माणसं नेहमीसारखी टवाळक्या करताहेत. पिवळा म्हणजे जरा ढिली पडली आहेत. लाल म्हणजे टवाळी मेली, माणसांना बाहेर काढा.

"बघा कोहळे सर, औषधालासुद्धा लाल ठिपका नाही!"

"असेल कसा? आग विझली, मॅडम. आपण विझवली!" खाणतज्ज्ञ उद्धव कोहळे खुर्चीत ऐसपैस पसरून बसले होते. "आणि आजचं नवल वाचलंत ना? शार्क मासे म्हणे झाडांपेक्षा जुने. म्हणजे शार्कच्या वाढदिवसाला झाडंच नव्हती!"

निरंजना इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो इंटरनेटवरच्या 'नवलकट्टा' नावाच्या एका पानामुळे. रोज सकाळी तिथे विज्ञानातलं नाहीतर इतिहासातलं एखादं नवल यायचं आणि खाली प्रतिक्रियांमध्ये अख्खं सावरटेक टवाळी करायचं. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे वाचून कुणी लिहायचं, "मग तिथे पगारी नोकरीच करावी, रोजंदारी परवडायची नाही." ऑक्टोपसला तीन हृदयं आणि आठ हात असतात म्हटल्यावर एका काकूंनी लिहिलं होतं, "स्थळ चांगलं आहे, आमच्या मुलीला भांडी घासावी लागणार नाहीत." शिकलेली माणसं या टवाळीला नाकं मुरडायची. निरंजना मेंदूविज्ञानाची. तिला त्यात एक मोजयंत्र दिसलं.

कोहळे पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांचा यावर काडीचाही विश्वास नव्हता.

"गावाखालच्या बंद खाणीत लागलेल्या आगीचा आणि फाजील विनोदांचा काय संबंध, सांगा बरं!" ते म्हणाले होते.

"बंद खाणीत कोळसा अर्धवट जळतो. त्यातून काय निघतं?"

"कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा बळकावतो. पण त्याला आमची वायुमापकं आहेत की."

"गावातल्या प्रत्येक खोलीत आहेत? आणि तुमची घंटा वाजते ती वायू बराच वाढल्यावर. त्याआधी मेंदूचं काय होतं ते ऐका. विनोद सुचायला मेंदूतल्या दोन लांबच्या गोष्टी क्षणात एकमेकींना भेटाव्या लागतात. ऑक्सिजन किंचित कमी पडला की पहिली ती भेट चुकते. माणूस हिशेब बिनचूक करतो, रस्ता विसरत नाही, डोकंही दुखत नाही. फक्त त्याचे विनोद पचपचीत होतात."

"मग त्याला स्वतःला कळत नाही?"

"तीच तर गंमत आहे. विनोद तोलणारा भागही त्याच वेळी मंदावतो. स्वतःचा फुसका विनोद त्याला फार आवडायला लागतो, तोच तो पुन्हा सांगतो. दुसऱ्याचा चांगला विनोद मात्र कळत नाही. आणि त्याला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल, मला काहीही झालेलं नाही."

तिने तयार केलेलं यंत्र स्वतः हसत नव्हतं, पण कोणत्या वाक्याला माणसं हसतात ते लाखो प्रतिक्रिया वाचून शिकलं होतं. ते प्रत्येकाची आजची टवाळी त्याच्याच जुन्या टवाळीशी ताडून गुण द्यायचं. हा होता निरंजनाचा टवाळी-निर्देशांक.

आणि तो खरा ठरला. कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या वसाहतीतले ठिपके एकामागून एक लाल झाले. त्यात एक ठिपका हेमराजचा होता. हेमराज निरंजनाचा धाकटा भाऊ, वसाहतीत गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान चालवायचा. नवलकट्ट्यावरचा सगळ्यात वात्रट माणूस तोच. तो एकच फुसका विनोद सलग चार दिवस लिहितोय हे निरंजनाने पाहिलं. ती स्वतः गेली आणि "मले काही झालं नाही, ताई, एकदम फस्क्लास हाय" म्हणणाऱ्या भावाला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. मागोमाग सगळी वसाहत रिकामी केली. हेमराज नदीपलीकडे मामाकडे राहायला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याची टवाळी ताळ्यावर आली.

मग कोहळ्यांनी वसाहतीखालच्या सगळ्या भेगा राखेच्या गाऱ्याने बुजवून टाकल्या. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "आग जिवंत असेल तर वायू कोंडून राहणार नाही, दुसरीकडे कुठेतरी तोंड काढेल. तिथली मेलेली टवाळी तुमचं यंत्र पकडेलच. कुठेच पकडली नाही, तर आग विझली म्हणून समजा." वसाहतीत पहारा कडक हवा म्हणून त्यांनी हाताशी असलेली सगळी वायुमापकं तिकडेच लावली होती. टेकडीवरच्या या प्रयोगशाळेतलंही उचलून नेलं होतं. इतक्या उंचावर त्याचं काय काम?

आज त्याच हिरव्या नकाशाच्या जोरावर निर्णय द्यायचा होता. दुपारपर्यंत निरंजनाने तहसील कार्यालयाला कळवायचं, की वसाहतीतल्या माणसांनी घरी परत जावं की नाही. हेमराज तर कपाट, गाद्या आणि बॅटऱ्या टेम्पोत भरून सकाळपासून पुलावर येऊन थांबला होता. ताईचा होकार आला की गाडी आत घालायची, एवढंच बाकी होतं. चूक झाली असती तर पहिला बळी घरातलाच जाणार होता. पण चूक होण्याचं काही कारणच निरंजनाला दिसत नव्हतं.

"लिहूनच टाका आता," कोहळे म्हणाले. "आणि हो, शार्कच्या वाढदिवसाला..."

"झाडंच नव्हती!" निरंजनाने वाक्य पुरं केलं आणि दोघंही पुन्हा खो-खो हसले.

पत्र लिहिण्याआधी तिने सवयीने हेमराजची आजची प्रतिक्रिया उघडली. यंत्राने त्या प्रतिक्रियेला शंभरात चौऱ्याण्णव गुण दिले होते. हेमराजने लिहिलं होतं, "म्हणूनच ते बिचारे अजून पोहून रायले. टेकाले झाडाची सावलीच नव्हती, मंग बसाची सवयच नाही लागली."

निरंजनाने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोहळे सर, यात हसण्यासारखं काय आहे?"

कोहळ्यांनी चष्मा लावला, गंभीरपणे वाचलं. "काही नाही. मासे सावलीत कशाला बसतील? यंत्र बिघडलं असेल."

यंत्र बिघडलं, म्हणजे हेमराजची टवाळी पुन्हा मेलीय आणि यंत्र उगाच गुण देतंय! निरंजनाने घाईने त्याला फोन लावला.

"हेमू, तुला बरं आहे ना? मामाकडे हवा येते ना नीट?"

"मी मस्त हाय. पुलावर ऊन खात उभा हाय. सांग, घालू गाडी आत?"

"थांब जरा. आधी एक ऐक. शार्क झाडांपेक्षा जुने ना? म्हणजे त्यांच्या वाढदिवसाला झाडंच नव्हती!" तिला हसू आवरेना.

हेमराज हसला नाही.

"हेमू? कळलं नाही का तुला?"

"ताई," हेमराज हळूच म्हणाला, "हे तू मले सकाळपासून तिसऱ्यांदा सांगून रायली. अन् तिन्ही वेळा एकटीच हसली."

"काहीतरीच काय! मला काही झालेलं नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उलट कित्येक दिवसांत इतकं छान वाटलं नव्हतं."

"मी बी हेच म्हणत होतो ना, तू मले ओढत बाहेर काढलं तवा?"

निरंजनाने नकाशाकडे पाहिलं. सगळीकडे हिरवं होतं, आणि टेकडीवर, जिथे ती बसली होती तिथे, ठिपकाच नव्हता. कसा असणार? प्रयोगशाळेतल्या कुणीही नवलकट्ट्यावर लिहायचं नाही, हा कडक नियम तिनेच घातला होता. मोजणाऱ्याने आपलंच माप घेऊ नये, म्हणून. अख्ख्या सावरटेकात हीच एक जागा होती जिथली टवाळी मेली तर यंत्राला कळणार नव्हतं. आणि प्रयोगशाळा होती खाणीच्या जुन्या कार्यालयात. खाणीत हवा सोडायची विहीर याच फरशीखाली बुजवलेली होती.

तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती. आपण ठणठणीत आहोत अशी पक्की, आनंदी खात्री तेवढी वाटत होती. त्या खात्रीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिने गणित सोडवावं तसं मनाशी ठरवलं.

"कोहळे सर, उठा. वायू इथे आहे. बाहेर चला."

"इथे? अहो, नकाशा तर हिरवा आहे ना!"

"आपण त्या नकाशावर नाही आहोत!"

ती टेबलाला धरून उठली. कोहळे हसतच होते, जागचे हलेनात. तिने त्यांच्या खुर्चीची पाठ धरली आणि खुर्चीसकट त्यांना दाराकडे ढकलायला लागली. फोनवरून हेमराज ओरडत होता, "ताई, बोलत राय माह्याशी! थांबू नको! मी आलोच!" टेम्पो तोपर्यंत टेकडीच्या वळणाला लागला होता. उंबऱ्यापाशी खुर्ची अडली आणि दोघंही बाहेर उन्हात धडपडून पडले. हेमराज पोचला तेव्हा ताई मातीत बसून मोठमोठे श्वास घेत होती. त्याने कपाट रस्त्यातच उतरवलं आणि दोघांना गाद्यांवर आडवं घालून गाडी हाणली ती थेट सरकारी दवाखान्यात.

वसाहतीतलं कुणी त्या दिवशी घरी गेलं नाही. आग अजून जिवंत होती. फक्त आता तिचं तोंड कुठे आहे ते कळलं होतं.

संध्याकाळी निरंजना नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून पडली होती. डोकं आता ठणकत होतं आणि जिवाला चांगलीच धडकी भरली होती. हे दोन्ही तिला फार बरं लक्षण वाटलं. हेमराज बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. सहज तिने मोबाइलवर त्याची ती प्रतिक्रिया पुन्हा उघडली.

टेकाले सावलीच नव्हती. मंग बसाची सवयच नाही लागली.

आधी तिचे खांदे हलले. मग मुखवट्यातून फुर्र असा आवाज आला आणि मग ती अशी काही हसत सुटली, की रडतेय की हसतेय ते तिचं तिलाही कळेना. सिस्टर धावत आल्या. शेजारच्या खाटेवरून कोहळ्यांनीही मान वळवली.

"काय झालं, मॅडम? मलाही सांगा की."

तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कोहळ्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, मुखवटा जरा बाजूला केला आणि अगदी मनापासून विचारलं, "पण मॅडम, मासे सावलीत कशाला बसतील?"

"सिस्टर," निरंजना म्हणाली, "यांचा ऑक्सिजन इतक्यात काढू नका."