काना नसलेला थांबा

"थांबा!" तो ओरडला, आणि ती उतरली.

तिची तरी काय चूक? शहरात नवी, थंडीने बसच्या काचा आंधळ्या झालेल्या, कंडक्टर तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. ती दाराशी जाऊन उभी होती; आपला थांबा आला असं कुणीतरी सांगतंय, असंच तिला वाटलं. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर... आणि बस हलली. त्याने दंड धरून आत ओढलं नसतं, तर हॉस्पिटलात बाबांच्या शेजारचीच खाट मिळायची.

"अहो, थांबा म्हटलं ना मी!"

"म्हणून तर उतरले!"

तो बघतच राहिला. मग हसला. "हॉस्पिटलचं तिकीट काढून कलाकारांच्या वस्तीत कशाला उतरताय? अजून बरंच पुढे आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. ती बसली.

तो छपाईचे लाकडी ठसे कोरायचा. बोटांवर पटाशीचे जुने-नवे व्रण. बस त्या अरुंद, जुन्या रस्त्यांत शिरली की बाहीने काच पुसून तो तिला त्याची वस्ती दाखवायचा.

"ती गच्ची दिसते? तिथं नाटकाचे पडदे रंगवतात. आज समुद्र वाळत घातलाय."

"आणि ते लंगडे घोडे?"

"बाहुल्यांच्या खेळातले. पाय व्हायचेत अजून."

"तुमचं दुकान कुठे?"

त्याने वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं. तिने मान वाकडी करून पाहिलं. "हे काय, उलटं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ठसा उलटाच कोरावा लागतो ना... हाताला तेच वळण लागलंय. ‘इथे’ लिहिलंय. बाहेरून बघणाऱ्याला सुलट दिसेल."

"मी तर आत आहे."

"मग एकदा उतरा ना खाली."

"बाबा बरे झाले की—" ती म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

बाबा शिंपी. शुद्ध येऊन-जाऊन असायची, पण बोटं थांबत नसत. चादरीची कड चिमटीत धरून न दिसणारे टाके घालत राहायची. तिने त्यांना वाळत घातलेल्या समुद्राबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "किती वार?" असं विचारलं. ती हसली. ते त्यांचं शेवटचं बोलणं ठरेल, हे तिला कुठे ठाऊक होतं?

मग काही दिवस तिची जागा रिकामी गेली. पिशवी मात्र रोज तिथेच असायची.

ती आली तेव्हा तो घाईने म्हणाला, "कुठे होतात इतके दिवस? बाबा बरे—?"

"गेले." ती समोर बघत म्हणाली. "त्यांच्या वस्तू राहिल्यात, त्या आणायला चाललेय. उद्या दादा न्यायला येतोय. वहिनीचे दिवस भरत आलेत, हाताशी कुणीतरी हवं."

"आणि परत...?"

"परत कशाला येऊ? कोण आहे माझं इथे?"

तो आपल्या बोटांकडे बघत बसला. समुद्राची गच्ची गेली. घोडे गेले.

"तुमचा थांबा गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे."

हॉस्पिटल आलं. तो उठू लागला. "नका येऊ," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर मी रडेन, आणि आज मला नीट उभं राहायचंय."

ती उतरली. मागून काच वाजली. वाफेआड त्याचं बोट सरकत होतं... आधी वरची रेघ, मग अक्षरं. बाहेरून ती सुलट उमटत गेली. ‘थांब’. आणि बस निघून गेली.

काना द्यायला वेळ मिळाला नाही, की दिलाच नाही?

वॉर्डात बाबांच्या खाटेवर कुणी दुसरंच झोपलं होतं. नर्सने पिशवी दिली. चष्मा, मफलर, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. एवढाच माणूस उरला होता. ते अंगुस्तान बोटात घालून ती परतीच्या बसमध्ये बसली. डोक्यात तो एकच काना. गच्ची दिसली आणि ती उठली.

"तुमचं तिकीट पुढचं आहे," कंडक्टर म्हणाला.

"माहितीये."

तो थांब्याच्या बाकावर बसला होता, थंडीने काकडलेला. तिला थांब म्हणून थांबला होता मात्र तोच.

"काना राहिला का?" तिने विचारलं.

"नाही." तो उठून उभा राहिला. "दिलाच नाही."

तेव्हा कुठे ती रडली. हमसून हमसून, भर रस्त्यात. गच्चीवरचे रंगारी कुंचले थांबवून खाली बघू लागले. ‘रडू नका’ असं काही तो म्हणाला नाही, हे फार बरं केलं त्याने.

"दादाला... काय सांगू?"

"सांग, थांबा चुकला." त्याने हात पुढे केला. "दे ती पिशवी."

आजवर ‘थांबा’, ‘उतरा’ म्हणणाऱ्या त्या माणसाचे सगळेच काने गळून पडले होते. तिने पिशवी क्षणभर पोटाशी धरली.

"घे," ती म्हणाली. "जपून. आत बाबांचा चष्मा आहे."