ओटीतली शपथ

"उंबऱ्याच्या आत पाय ठेवशील, तर माह्यं मेलेलं तोंड पाहशील..."

दोन्ही हात चौकटीला लावून जयवंताबाई दारात उभ्या होत्या. जीपचा धुरळा अजून खाली बसला नव्हता, आणि कुमुदिनी अंगणात जागच्या जागी थबकली. याच उंबऱ्यावरचं माप तिनं एके काळी उजव्या पायानं लवंडलं होतं. ती नवी नवरी असताना याच घरातल्या जात्यावर सासूनं तिच्यासाठी ओवी गायली होती –

सून माही बाई आली, दिवेलागणीच्या येळंला,
घर उजळलं सारं, तेल लागंना दिव्याला...

आणि याच घरातून, नवऱ्याच्या तेराव्यानंतर, तिला बाहेर काढलं होतं. नवऱ्याला खाणारी म्हणून.

आतून वामनचा, तिच्या धाकट्या दिराचा आवाज आला. "मुंग्या... आई, अंगावर मुंग्या चढून राह्यल्या..."

त्या साली आदिलाबाद जिल्ह्यात, भैंशाकडच्या गावागावांतून बायांनी शिंदीची दुकानं बंद पाडली होती. बायांचं काही चुकलं नव्हतं. पण दुकानदार शिंदीत गुंगीची पावडर मिसळत, आणि त्या पावडरीला सरावलेल्या देहाला ती एकाएकी मिळेनाशी झाली की तो थरथरतो, नसलेलं पाहू लागतो, त्याला झटके येतात, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून आदिलाबादहून एका संस्थेची जीप बोलावणं येईल तिथं धावत होती. जीपमध्ये औषधं द्यायला पद्मजा सिस्टर, आणि माणसांची समजूत घालायला कुमुदिनी.

बोलावणं धाडलं होतं शेजारच्या रेणुकाबाईनं. गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायांत ती पुढं होती, आणि आता भेदरून गेली होती.

"अवं जयवंते, येऊ दे तिले. जीप काय दिसभर थांबते काय?"

"लय पुळका आला असंल तर ने तुह्या घरी. भाकर बी वाढ."

"वाढीन ना. पोरगा मरून राह्यला अन् हिले भांडण सुचते."

पद्मजा सिस्टर मात्र ही बोलाचाली चालू असताना मागल्या दारानं कधीच आत पोचली होती. पण वामननं दातखिळी बसल्यागत ओठ मिटले होते. गोळी पाहताच तो मान हलवू लागला. "ही बी नशाच हाय... म्या बेलभंडार उचलला... आईची शपथ हाय..."

अंगणातून कुमुदिनीनं ते ऐकलं. तीच शपथ... तीच बासरच्या देवीपुढची गोदावरी, कमरेइतक्या पाण्यात उभा केलेला लेक, आणि त्याच्या ओंजळीत बेलभंडार ठेवणारी तीच आई.

तिच्या नवऱ्यानं, यशवंतरावांनीही शिंदी सोडायची अशीच शपथ घेतली होती. मनापासून घेतली होती. मग हात कापू लागले, डोळे भिरभिरू लागले, ते भिंतीशी बोलू लागले... आणि ते न पाहवून कुमुदिनीनं कुठूनशी पेलाभर शिंदी आणून त्यांच्या ओठांना लावली. दोन घोट गेले असतील नसतील, तोच झटका आला आणि सगळं संपलं. दारात उभ्या जयवंताबाईंनी पाहिला तो फक्त तिच्या हातातला पेला. सुनेनं शपथ मोडली, देवी कोपली, लेक गेला... सारं गाव तेच म्हणालं, आणि कुमुदिनीनंही कित्येक वर्षं तेच खरं मानलं.

संस्थेत प्रशिक्षणाला बसली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला कळलं. माणूस गेला तो त्या दोन घोटांनी नाही. एकाएकी सोडायला लावल्यानं गेला. आईनं घातलेल्या शपथेनं गेला. त्या दिवशी ती हुंदके देऊन रडली, पण स्वतःसाठी नाही. हे कधी तिकडं कळलं तर ती म्हातारी जगेल कशी, या विचारानं रडली. आणि तिनं ओठ शिवून घेतले.

आज ते उसवण्याची वेळ आली होती. एका वाक्याचं काम होतं. 'आत्याबाई, तुमच्या शपथेनं एक लेक गेला, दुसरा तरी वाचवा.'

तिनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात आतून वामन किंचाळला, आणि जयवंताबाई दार सोडून धावल्या, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, अगदी तशाच, जशा त्या दिवशी थोरल्याचं डोकं घेऊन बसल्या होत्या... कुमुदिनीला ते वाक्य बोलवेना.

ती उंबरा ओलांडून आत गेली. सासूसमोर गुडघे टेकले आणि पदर पसरला.

"आत्याबाई, मी शपथ मोडली, मान्य आहे मला. तुमचा लेक माझ्या हातानं गेला. पण तुम्ही घातलेली शपथ तुम्हीच सोडवू शकता ना? मग सोडवा, आणि तिचं पाप माझ्या ओटीत टाका. देवीला कोपायचंच असेल तर माझ्यावर कोपू दे. माझं आता घ्यायला उरलंय तरी काय?"

वामनच्या टाचा जमिनीवर घासत होत्या.

"देवीपुढं बोलून राह्यली तू हे?"

"देवीपुढं."

जयवंताबाईंनी कोनाड्यातली हळद चिमटीत घेतली, लेकाच्या डोक्यावरून उतरवली आणि सुनेच्या पदरात टाकली. "वामन्या, सुटली रे शपथ. सुटली... तोंड उघड, बापा."

वामननं तोंड उघडलं.

पदराला तशीच हळदीची गाठ मारून कुमुदिनी जीपमध्ये बसली, आणि दिराला नि सासूला घेऊन जीप आदिलाबादच्या दवाखान्यात पोचली.

तिथं वामन निवळला. शुद्धीवर आला, आणि एके दिवशी भाकर मागू लागला. त्याच वेळी खाटांमधून फिरणाऱ्या डॉक्टरांनी, ते सगळ्याच आयांना सांगत तसं, जयवंताबाईंनाही सांगितलं, "आजी, वेळेवर आणलंत. एकदम बंद केली की असंच होतं. बिनऔषधाचं पोरगं झटक्यातच गेलं असतं."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. जयवंताबाई खाटेची कड सोडून उठल्या. मग व्हरांड्यात आल्या. कुमुदिनी बाकावर बसली होती.

"कुमुदिनी, एकदम बंद केल्यानं माणूस जाते?"

"कधी कधी..."

"मंग माहा यशवंत..."

"त्यांचं निराळं होतं, आत्याबाई." ती घाईनं म्हणाली. फार घाईनं.

"तू हेच काम करतं. तुले कवापासून ठावं होतं?"

कुमुदिनीनं पदराची हळदीची गाठ मुठीत घेतली.

"काऊन नाई बोलली वं? म्या तुले गावभर नावं ठेवली... अन् तू मलेच झाकून राह्यली..."

म्हातारी तिच्या शेजारी बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं सुनेच्या पदराची ती गाठ चाचपली, सोडवली, आणि हळद आपल्या लुगड्याच्या ओच्यात ओतून घेतली. कुमुदिनीनं तिचा हात धरला, पण म्हातारीनं तो हळूच बाजूला सारला.

"माह्यं पाप हाय ते. मले वागवू दे."

मग चिमटीला लागून उरलेली हळद तिनं सुनेच्या कपाळाजवळ नेली. विधवेच्या कपाळाला ती लावावी की नाही, म्हणून क्षणभर अडखळली, आणि लावली.

"सुटली," ती म्हणाली. "तुही बी सुटली, माय... घरी चाल."