पुसलेल्या नावाची चाल

चप्पल तुटली तर लंगडत घरी जायचं नाही, हे आता शहरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. जिथे तुटली तिथेच बसायचं, घरी फोन करायचा आणि कोणी दुसरा जोड घेऊन येईपर्यंत वाट बघायची. सोमवारी सकाळी संघमित्रा गजभिये तक्षशिलानगरच्या चौकातून निघाली, तेव्हा कट्ट्यावर अशी दोघं बसलेली होती. एक म्हातारे गृहस्थ आणि एक कॉलेजची मुलगी. दोघांची नजर समोरच्या खांबावर होती.

खांब दिसायला विजेच्या खांबासारखाच. वर सहा काचेचे डोळे आणि छातीच्या उंचीवर एक दिवा. समोरून माणूस गेला की त्याच्या दोन पावलांमधलं अंतर, टाच टेकायला लागणारा वेळ, कंबरेचा झोक, हातांचा हेलकावा अशी एकशे चाळीस मापं घेऊन तो त्याची ‘पावलछाप’ ओळखायचा. चेहरा झाकता येतो, चाल झाकता येत नाही, असं हे चालवाचक बसवताना सांगण्यात आलं होतं. छाप नोंदीशी जुळली की दिवा हिरवा, नाही जुळली की नारिंगी. तीनदा नारिंगी लागला की पोलिसांची गाडी यायची.

संघमित्रा पुढून गेली तेव्हा दिवा लागलाच नाही. गेलं वर्षभर तो तिच्यासाठी लागत नव्हता. तिच्या पिशवीत भावाचा डबा होता. प्रबोध तीन दिवसांपासून कोठडीत होता, आणि डबा आत घेत नाहीत हे माहीत असूनही आई तो रोज भरून देत होती.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सात चाळीसला पिवळ्या टाकीजवळच्या एकसष्ट नंबरच्या खांबाच्या डोळ्यांत कोणीतरी डांबर भरलं. दोन मिनिटांनी पुढच्या, बासष्ट नंबरच्या खांबाला अंधुक उजेडात एक पाठमोरी आकृती जाताना दिसली. चालवाचकाने नाव दिलं: प्रबोध गजभिये, जुळणी त्र्याऐंशी टक्के. शुक्रवारी पहाटे त्याला घरातून नेलं.

त्या वेळी प्रबोध वस्तीच्या मैदानावर होता. जयंतीच्या मिरवणुकीसाठी तीस पोरापोरींना लेझीम शिकवत होता, आणि एकीचा डावा पाय सारखा चुकत होता म्हणून तिला एकटीला पुढे घेऊन अर्धा तास तोच प्रकार घोटून घेत होता. पण हे सिद्ध करायला मैदानावर खांब नव्हता. गेल्या वर्षी वस्तीने लढून तो काढायला लावला होता, आणि त्या लढ्याच्या समितीचा अध्यक्ष प्रबोधच होता. राहिले तीस साक्षीदार. ते सगळे तक्षशिलानगरचे. गुन्ह्याच्या शक्यतेचा म्हणून प्रत्येक वस्तीला जोखीम अंक दिलेला होता; इथला मुळात चढा, म्हणून तिथल्या माणसाच्या साक्षीचं वजन कमी धरलं जाई. तीस साक्षी मिळून त्र्याऐंशी टक्क्यांपुढे तोकड्या पडल्या.

संघमित्रा ‘सोबती’च्या कार्यालयात पोचली. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांची ही संघटना. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर ती इथेच माहिती विश्लेषक म्हणून लागली होती. तिने संगणक सुरू केला आणि तपासणीची खिडकी उघडली. तीन दिवस तिने हे टाळलं होतं. का टाळलं, ते तिला नीट माहीत होतं.

ही खिडकी संघटनेला लढून मिळाली होती. चालवाचक आला तेव्हा ज्यांच्या नोंदीतलं लिंग आणि चाल यांचा मेळ बसत नाही, अशा माणसांचे हाल सुरू झाले. संघटनेतल्या ज्येष्ठ तृतीयपंथी चंपा गुरूंना एका दिवसात अकरा वेळा थांबवलं गेलं होतं. संघटनेचा प्रमुख निहार घाटे याचा जबडा एका चौकीत मोडला होता. संघमित्रा स्वतः तर लहानपणापासून ‘पोरासारखी चालते’ म्हणून ऐकत आली होती. खांबही तेच म्हणायचा. मग खांब चालवणाऱ्या सुरक्षा कक्षाने तोडगा काढला. चारशे बारा जणांनी आपली पावलछाप स्वेच्छेने द्यायची आणि त्या बदल्यात त्यांना ‘मोकळीक’ मिळायची. यंत्र त्यांना ओळखेल, पण केवळ पुसून टाकण्यासाठी. कुठल्याही शोधात त्यांचं नाव येणार नाही. कधी, कुठे, कोण पुसलं गेलं, हे मात्र संघटनेला खिडकीतून पाहता येईल.

खरं तर सुरुवातीला वस्ती आणि ‘सोबती’ यांची मागणी एकच होती, सगळे खांब काढा. दोन मोर्चे एकत्र निघाले होते. मग कक्षाने एकाला मैदान दिलं, दुसऱ्याला मोकळीक दिली. दोघांना अर्धी-अर्धी भाकरी मिळाली आणि दोघांनी ती एकमेकांकडे पाठ करून खाल्ली. पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीत ‘सोबती’चा फलक नको, असं प्रबोधच्या समितीने कळवलं, आणि ‘सोबती’च्या पत्रकांतून वस्तीचं नाव गळलं.

तिने तारीख टाकली, वेळ टाकली, बासष्ट नंबर टाकला. एकच ओळ आली. सात बेचाळीस. एक व्यक्ती पुसली. मोकळीक क्रमांक दोनशे सात.

दोनशे सात हा तिचाच क्रमांक होता.

त्या संध्याकाळी ती आपली जोडीदार नूपुर हिच्या खोलीवरून परत येत होती. टाकीजवळून गेली तेव्हा डांबराचा वास आला होता, पण रस्त्याचं काम चालू असेल म्हणून तिने वर पाहिलंही नव्हतं. खांबाने तिला पाहिलं, ओळखलं, नियमाप्रमाणे यादीतून काढलं, आणि मग उरलेल्यांत सगळ्यांत जवळचं कोण, ते शोधलं.

सगळ्यांत जवळचा तिचा भाऊ असणार, हे गणिताने उघड होतं. वस्तीला नळ नव्हता तेव्हा दोघांनी दहा वर्षं चढावरून पाणी आणलं होतं, कळशी डाव्या कुशीवर घेऊन. वाढीच्या वयात रोज एका बाजूला भार पडला की कंबर कायमची किंचित कलते आणि उजवा पाय अंमळ लांब पडतो. चालीत जात नसते, पण कष्ट असतात. आणि कोणते कष्ट कोणाच्या वाट्याला आले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चालीत सगळंच वाचता येतं.

निहारला तिने पडद्यावर ते दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, मग खोलीचं दार लोटून घेतलं. तो तिच्याशी वाईट वागला नाही. त्याने पाणी दिलं, चांगला वकील देतो म्हणाला. पण मोकळीक सोडू नकोस, असंही म्हणाला. पुसलेल्या माणसामुळे दुसरा कोणी अडकतो, हे एकदा कागदावर आलं की कक्ष सगळीच योजना गुंडाळेल. मग चंपा गुरू पुन्हा अकरा वेळा थांबतील, आणि सगळ्यांनाच निव्वळ थांबवून सोडणार नाहीत.

“एका माणसासाठी चारशे बारा जणांना खांबापुढे उभं करायचं का, एवढंच विचारतोय,” तो म्हणाला. “तुमच्या लोकांच्या मोर्चाला आम्ही आलो होतोच ना?”

“तुमच्या लोकांच्या,” संघमित्रा म्हणाली. “मी कोणाच्या लोकांतली, निहार?”

निहारचा हात नकळत जबड्यावर गेला होता. ते पाहून तिचा राग अर्धवटच राहिला, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

दुपारी कोठडीत जाळीपलीकडून भेटीची दहा मिनिटं मिळाली. प्रबोधची दाढी वाढली होती. तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. ऐकून तो आधी हसला.

“म्हणजे ती तू होती? आई म्हणे, पोरगी पोरासारखी चालते. यंत्रालाही तसंच वाटून राहिलं.” मग हसू विरलं. “डांबर तू लावलं?”

“नाही, दादा.”

“मग त्या बाजूला काय करून राहिली होती? आपलं कोणी राहत नाही तिकडे.”

गेल्या चार वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. ती कुठे काम करते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापुढे कोणी जात नव्हतं. संघमित्राने नूपुरबद्दल सांगितलं. ती शाळेत भूगोल शिकवते, तिच्या घरमालकाला काही माहीत नाही, शाळेलाही नाही. प्रबोध जाळीच्या तारेवरून अंगठा फिरवत राहिला.

“फलक नको, असं मीच लिहून दिलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “लोक म्हणत होते, आपल्याला आधीच कमी टोमणे आहेत का. मलाही पटलं होतं.” मग म्हणाला, “तू नको बोलू. कबूल केलं तर तुलाच आत घेतील. घरातलं एक तरी माणूस असं राहू दे, ज्याच्यापुढे दिवा लागत नाही.”

“आणि तू?”

“मला सवय आहे,” तो म्हणाला. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. डबा परत पिशवीत गेला.

संध्याकाळी तिने नूपुरला फोन करून मोकळीक सोडायचं ठरवल्याचं सांगितलं. कुठून येत होतीस हे विचारतील, आणि तुझं नाव सांगितलं नाही तर कोणी विश्वास ठेवणार नाही. नूपुरच्या मागे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“उद्या सहावीचा पेपर आहे,” ती म्हणाली. “मुलांना ऐनवेळी दुसरी बाई नको. परवा जा.”

एक दिवस प्रबोधला आणखी आत काढावा लागणार होता. संघमित्रा बरं म्हणाली.

बुधवारी सकाळी ती चाल पडताळणी कक्षात गेली, तेव्हा बाहेरच्या बाकावर चंपा गुरू बसलेल्या होत्या. साठी उलटलेल्या, हिरवी साडी, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. त्यांना कोणी सांगितलं, हे संघमित्राने विचारलं नाही. ‘सोबती’च्या कार्यालयाच्या भिंती पातळ होत्या.

“गुरू, तुम्ही कशाला आलात? तुमचं तर यात काहीच नाही.”

“अकरा वेळा मला थांबवलं ना, त्या दिवशी सातव्या वेळी तुझा भाऊ तिथं होता,” चंपा गुरू म्हणाल्या. “मला ओळखत नव्हता. मला बघून तोंडही वाकडं केलं त्यानं, खोटं कशाला बोलू. पण गाडी आली तेव्हा हलला नाही तिथून. मला सोडेपर्यंत उभा होता, तोंड वाकडं करूनच.”

आत कुहीकर मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून संघमित्राकडे पाहिलं. मोकळीक सोडली की मागच्या वर्षभराचं सगळं चालणं उघडं होतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. कुठे गेलात, किती वाजता, किती वेळा, सगळं. संघमित्राने सही केली. मग जमिनीवरच्या दहा मीटरच्या काळ्या पट्टीवरून तिला तीन वेळा चालायला सांगितलं. सरळ चालायचा प्रयत्न करायचा नाही, नेहमीसारखं चाला, असं मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणी तसं सांगत होतं.

पडद्यावर गुरुवारची आकृती पुन्हा चालली. पहिलं नाव: संघमित्रा गजभिये, चौऱ्याण्णव टक्के. दुसरं: प्रबोध गजभिये, त्र्याऐंशी.

“म्हणजे तो नव्हता,” संघमित्रा म्हणाली. “आता त्याला सोडा.”

कुहीकर मॅडमनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. नाव यादीतून आपोआप जात नाही, असं त्या म्हणाल्या. तुम्ही तिथून गेलात हे कळलं, डांबर कोणी लावलं हे नाही. एकाच घरातली दोन नावं आली, तेव्हा आता संगनमताचं कलमही तपासावं लागेल. तुम्हालाही थांबावं लागेल.

संघमित्राला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की एक जण आत जाईल आणि एक बाहेर येईल. इतका साधा हिशेबही यंत्राला मान्य नव्हता.

“आणि ही दोघं नसती तर?” दारातून चंपा गुरूंनी विचारलं. “तिसरं नाव कुणाचं आहे, मॅडम?”

मॅडमनी, बहुधा त्यांनाही कुतूहल वाटलं म्हणून, पडद्यावरची यादी खाली सरकवली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली एक बासष्ट वर्षांची बाई, एकोणऐंशी टक्के. तिच्याखाली एक हमाल. त्याच्याखाली वीटभट्टीवरची दोन माणसं. नावं संपत नव्हती. ‘माहीत नाही’ असं यंत्राला म्हणताच येत नव्हतं; त्याला कोणी ते शिकवलंच नव्हतं. ज्यांनी ज्यांनी डाव्या कुशीवर ओझं वाहिलं होतं, ते सगळे गुरुवारी त्या खांबाखालून गेल्यासारखे एकाखाली एक उभे होते.

चंपा गुरू आत आल्या. पिशवीतून मोकळीकपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“माझं नाव घाला परत,” त्या म्हणाल्या. “एवढे उभे आहेत, त्यात मी एक.”

“तुमचं नाव घालून यांची सुटका होणार नाही, बाई.”

“माहीत आहे. पण चारशे बारा जणांची नावं परत येऊन यादी अशीच लांबली, की तुमच्या यंत्राला निदान खरं बोलावं लागेल, की डांबर लावताना त्याला कोणी दिसलंच नाही.”

मॅडमनी पत्र रद्द केल्याची नोंद केली, आणि चंपा गुरू पट्टीवर उभ्या राहिल्या. बूट काढले, बाजूला ठेवले आणि अनवाणी चालू लागल्या, आपल्या नेहमीच्या चालीने, कंबर झोकात ठेवून. कोपऱ्यातल्या चाचणीच्या खांबाचा दिवा नारिंगी झाला.

संघमित्राला शिपायाने बाकावर बसवलं होतं. तिथून तिला व्हरांडा दिसत होता. व्हरांड्यात निहार उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे. त्याच्या हातात त्याचं मोकळीकपत्र होतं, घडी घातलेलं, आणि दुसरा हात जबड्यावर. त्याने नारिंगी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दारापासून पट्टीचं टोक जेमतेम तीन पावलांवर होतं.

खांबाने त्याची एकशे चाळीस मापं कधीच घेऊन ठेवली होती. पण ही तीन पावलं तो टाकेल की नाही, हे त्यातल्या कुठल्या मापावरून सांगता आलं असतं?