मदरबोर्ड कुणी मारला?

"उद्यापासून यायचं नाही! आज दिवाबत्ती झाली की सरळ घरी जा!"

धन्यकुमारकाकांचा आवाज छापखान्याच्या पत्र्यांवर आदळला. जिन्यात बसून कैरी खाणाऱ्या दीपालीच्या हातातून फोड निसटली. इतके चिडलेले काका तिने कधी पाहिले नव्हते.

ती साताऱ्याहून सुट्टीला आली होती. काकांचं घर माधवनगरला आणि छापखाना कुपवाडला. इथे बेदाण्याची खोकी छापली जात. खोक्यांवरची चित्रं वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काढायची ती पल्लवीताई, आणि तिलाच काका हाकलत होते!

"मालक, मी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही," ताई शांतपणे म्हणाली.

"मग काय भुतानं लावला?" वीरधवल खेकसला. हा मलकापूरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. "अहो मालक, नवा प्रोसेसर बसवायचा तर जुन्या मदरबोर्डाला तो ओळखताच येत नाही. म्हणून आधी बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम बदलायचा, त्याला बायोस अपडेट म्हणतात. ते चालू असताना मशीन बंद पडलं की बोर्ड मेला! काल मी चहाला गेलो, परत येतो तर स्क्रीन काळी. वर हिच्याशिवाय कोण बसतं?"

"लाईट गेली असेल," काकांचा मुलगा सम्मेद म्हणाला.

"तू गप रे! काल लाईट गेली का, विचार कुणालाही!" वीरधवल म्हणाला.

पुठ्ठ्याचं कटिंग करणाऱ्या हरणाबाईंनी खालूनच मान हलवली. "न्हाई बाबा. काल दिवसभर व्हती की लाईट."

तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं आली. ताईचा डबा घेऊन तिचा भाऊ बिराप्पा वर आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं!

"माज्या आक्काला खोटी म्हणता व्हय?"

"ए, बाहेर हो!" काकांनी दाराकडे बोट दाखवलं.

दीपाली आणि सम्मेद त्याच्या मागोमाग धावले. कागदाच्या रद्दीपाशी बिराप्पा गर्रकन वळला.

"लांब ऱ्हा! तुमी त्यांचीच."

"काका माझे आहेत," दीपाली तडकून म्हणाली, "पण ते चुकले तर चुकले म्हणेन! तुझी अक्का खोटं बोलत नाही, हे मला दिसतंय."

बिराप्पाचा आवाज खाली आला. "आक्का गावाकडं गेली की आबा तिचं लगीन लावून टाकत्यात. हितं कामावर हाय म्हणून गप हायत. हे काम सुटलं की संपलंच सगळं."

"मग सुटू द्यायचंच नाही!" दीपाली म्हणाली. "आधी तो कॉम्प्युटर नीट बघू. पण वीरधवल जवळ फिरकू देईल का?"

"त्येचं माज्यावर सोड."

दुसऱ्याच क्षणी बिराप्पाची बोंब घुमली. "सायेब! आवं सायेब! तुमच्या गाडीला म्हस अंग घासतीया!"

वीरधवल दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. दीपाली आणि सम्मेद वर!

दीपाली टेबलाखाली शिरून एकेक वायर चाचपू लागली. कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीतल्या प्लगात गेली होती. शेजारी यूपीएसची पेटी होती. लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी हीच ती पेटी. पण तिच्यात लटकत होता एक पांढरा मोबाईल चार्जर!

"हा कुणाचा?"

"ताईचा नाही, तिचा काळा आहे," सम्मेद कुजबुजला. "म्हणजे वीरधवलने स्वतःचा फोन लावायला कॉम्प्युटरची वायर काढली! शहाणाच आहे! पण दीपा, लाईट गेलीच नाही म्हटल्यावर काय फरक पडतो गं?"

जिन्यात बूट वाजले. "कुठाय रे म्हैस? थांब, तुला दाखवतो!" दोघं दारामागे लपले आणि तो आत शिरताच खाली सटकले.

उन्हं कलली. काका रोज दिवस मावळायच्या आत जेवत, आणि जेवायला घरी जाण्याआधी छापखान्यात दिवाबत्ती करत. दीपाली त्या वेळी इथे पहिल्यांदाच थांबली होती. पल्लवीताई पिशवी खांद्याला लावून उभी होती. सगळेजण भगवान पार्श्वनाथांच्या तसबिरीपुढे जमले. काकांनी मेन स्विच खाली ओढला. यंत्रं थांबली, पंखे मंदावले, पत्र्याखाली अंधार पसरला. काकांनी तुपाची वात लावली.

"णमो अरिहंताणं…"

तेवढ्यात वरून आवाज आला. पीं… पीं… पीं…

यूपीएस ओरडत होता! दीपालीला लगेच सांगावंसं वाटलं, पण मंत्र मध्ये कसा मोडायचा? जोडलेले हात तिने आणखी घट्ट दाबले. शेवटची ओळ झाली. काकांनी स्विच वर केला. सगळा छापखाना एकदम उजळला.

"काका! आत्ता लाईट गेली होती!"

"गेली कुठं? मी बंद केली."

"कालही केली होती?"

"म्हणजे काय! तुझ्या आजोबांपासून रोज करतो. अंधारात नाव घ्यायचं, मग एकदम उजेड."

"ती काय लाईट जानं न्हवं गं बाय," हरणाबाई म्हणाल्या, "ती दिवाबत्ती!" आणि बोलता बोलता त्यांनी तोंडावर हात ठेवला.

दीपालीने पांढऱ्या चार्जरचं सांगून टाकलं. "रोज यूपीएस सांभाळून घेतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. काल कॉम्प्युटरची वायर या वीरधवलने त्यातून काढली होती. अपडेट अर्धं झालं आणि तुम्ही मेन ओढला, काका! ताई तर तेव्हा इथे खाली हात जोडून उभी असणार!"

"माझ्या शेजारीच उभी होती," काका पुटपुटले.

वीरधवलचे कान लाल झाले. "असेल! पण बोर्ड मेला तो मेलाच. नवा घ्या."

"मेला नाही!" सम्मेदने फोन पुढे केला. "बोर्डाच्या कंपनीनंच लिहिलंय. मागे छोटं बटण आहे. पेन ड्राईव्हवर फाईल टाकून ते दाबलं की बायोस पुन्हा भरता येतो."

"पोरखेळ!" वीरधवल हसला.

"करा," काका म्हणाले. "मी मेनपाशी थांबतो. कुणाचा हात लागू देणार नाही."

"पण अण्णा, दिवस मावळेल. तुमचं जेवण?" सम्मेदने वडिलांना विचारलं.

"आज उपास."

सम्मेदने वायर पुन्हा यूपीएसला जोडली, पेन ड्राईव्ह लावला आणि बटण दाबलं. बारीक दिवा लुकलुकला आणि मग नुसताच जळत राहिला. काहीच घडेना.

"झालं समाधान?" वीरधवलने टाळी वाजवली.

बिराप्पा फोनमध्ये डोकं खुपसून होता. "आरं गड्या, फाईलीचं नाव बदलायचं म्हणून लिवलंय न्हवं? तू तशीच टाकलीस की!"

सम्मेदने कपाळावर हात मारला! नाव बदललं, पुन्हा बटण. दिवा लुकलुकू लागला. थांबेचना! खाली काका स्विचवर हात ठेवून राखणीला उभे होते. शेवटी दिवा विझला.

"आता नवा प्रोसेसर बसवा," ताईने वीरधवलला सांगितलं. त्याने निमूटपणे बसवला. कॉम्प्युटर चालू करताच पंखा फिरला, आणि स्क्रीनवर नव्या प्रोसेसरचं नाव झळकलं!

"आलं! आलं!" तिघांनी एकच गिल्ला केला.

काका धावत वर आले. "शाब्बास रे पोरांनो! बिराप्पा, तू तर वाघ आहेस!"

"सकाळी भाईर काढलं व्हतं मला," बिराप्पा म्हणाला.

काका ओशाळले. ते ताईकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"हात जोडू नका, मालक," ताई म्हणाली. "बोललात ते सगळ्यांसमोर. आताही सगळ्यांसमोरच बोला."

काका जिन्याच्या कठड्यापाशी गेले. खाली सगळी माणसं वर बघत होती.

"ऐका! बोर्ड पल्लवीनं बिघडवला नाही. मेन मी ओढला, आणि आळ तिच्यावर घेतला. चूक माझी. उद्या ती कामावर येणार, आणि तिची हरकत नसेल तरच मी तिला तोंड दाखवीन."

ताईने पिशवी खुंटीला अडकवली. तिच्या खुर्चीत वीरधवल अजून बसलाच होता.

"उठा," ती म्हणाली. "मला काम आहे."